उरलेल्या अर्ध्याचं काय करतेस?

ओतेपारी
११ फेब्रुवारी

माझ्या हारिएता मोको,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा तू "हो कुई, बरं कुई" करत होतीस आणि मी "काय? काय?" करत टेकडीवर ओरडत होते. वाऱ्यात ओरडणारी म्हातारी बघून शेजारच्या घोड्यांनीसुद्धा माना वर केल्या. यापुढे आपण कागदावर बोलू. शिवाय फोनवर तू फार लपवतेस. कागदावर लपवायचं तर आधी डोकं चालवावं लागतं, आणि तिथेच माणूस सापडतो.

इकडे रस्ता परत खचलाय. टपाल आलं तर आलं.

तुझ्या मामाच्या, पाओराच्या कबरीचा दगड ठरला. काळा, साधा, वर त्याचं नाव आणि त्याच्या बोटीचं चित्र. ऑक्टोबरच्या लांब सुट्टीत दगडावरचं कापड काढायचं. तोवर त्याला जाऊन वर्ष होईल. कोणी डुक्कर आणायचं आणि कोणी काटेरी किना काढायला समुद्रात उतरायचं, यावरून आत्ताच भांडणं लागली आहेत, म्हणजे सगळे येणार.

आता मुद्द्याचं. चर्च सुटल्यावर चहा पिताना माझी बहीण माकेरेता म्हणाली, "तुझ्या पाओराचा एक तुकडा अजून जिवंत आहे म्हणे ऑकलंडला." चारचौघांत म्हणाली. मी हसून घालवलं, पण चहा तसाच टाकून घरी आले.

प्रयोगशाळेच्या इसोबेल बाईंनी त्याच्या दंडाची मसुराएवढी कातडी काढून नेली होती, ती मला आठवते. तो तेव्हा बोलू शकत होता. "दंडाची कशाला, पोटाची घ्या, तिथे भरपूर आहे," म्हणाला होता. त्यानेही सही केली, मीही केली. मला वाटलं, काचेखाली बघतील आणि संपेल. तू त्याच प्रयोगशाळेत काम करतेस. मला सरळ सांग, मोको, तो तिथे आहे का? असला तर दगड उघडायच्या आधी घरी यायला हवा. माणूस अर्धा इथे, अर्धा तिथे असताना मी दगडावरचं कापड कसं काढू?

तुझी आजी,
हूहाना


ऑकलंड
२ मार्च

प्रिय कुई,

माकेरेता आजीला बातम्या कुठून मिळतात देव जाणे. पण या वेळी तिचं खरं आहे. मामा इथे आहे.

तुला कळेल असं सांगते. त्या कातडीतल्या पेशी इसोबेलने औषधांनी उलट्या चालवल्या. मागे, मागे, कातडी व्हायच्याही आधी, मामा जन्मायच्याही आधी त्या जशा असतील तशा केल्या. अशा पेशी काहीही व्हायला तयार असतात. आम्ही त्यांना मेंदूच्या पेशी व्हायला शिकवतो. जिवंत माणसाचा मेंदू उघडून बघता येत नाही ना. मग आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या येणारा तो हातापायांचा नाच, ज्या आजाराला डॉक्टर लोक हंटिंग्टन म्हणतात, तो सुरू कसा होतो हे या पेशींत बघायचं. कुठे अडवता आला तर अडवायचा.

त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. तू तुझ्या रेवेना पावाचं विरजण सांभाळतेस ना, अगदी तसंच. तू बरणीला बटाट्याचं पाणी आणि साखर देतेस, मी तबकडीला गुलाबी पाणी देते. तुझं विरजण गारठलं की मरतं, म्हणून तू ते चुलीजवळ ठेवतेस, आमच्याकडे उबदार कपाट आहे. बरणी भरली की तू निम्मं काढतेस, मीही तबकडी भरली की निम्मं काढते. तुझ्या पणजीचं विरजण अजून चालू आहे, तसाच मामाही चालू आहे. रोज सकाळी मी त्याला "उठलास का?" असं विचारते. बरोबरची मुलं हसतात.

तेव्हा तो एकटा नाही, कुई. माझ्याजवळ आहे.

तुझी,
हारिएता


ओतेपारी
१४ मार्च

हारिएता,

पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरातून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत बसून पुढचं वाचवेना.

तुला मीच वाढवलं. उशीवर बसू नकोस, टेबलावर बसू नकोस, डोकं पुसलेलं फडकं भांड्यांना लावू नकोस, हे तुला चालायच्या आधी शिकवलं. आणि त्याच मुलीने माझ्या मेलेल्या मुलाचं शरीर आणि पाव एका ओळीत लिहिले! त्यातही मेंदू! डोक्याचं, जे आपण अन्नाजवळही नेत नाही! बाहेरच्या कोणी लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, त्यांना कळत नाही. तुला कळतं. तिकडे राहून तुझ्या जिभेला हाड उरलं नाही की काय?

तीन दिवस पाव केला नाही. विरजणाच्या बरणीकडे बघवत नव्हतं. चौथ्या दिवशी भूक लागली, मग पुन्हा पीठ मळलं. म्हातारपणी राग फार टिकत नाही, ताकद लागते त्याला.

पण मळताना एक गोष्ट डोक्यात आली. तुलनेचं पाप तू केलंस, तर आता पुरती कर. मी निम्मं विरजण काढते ते पिठात जातं आणि त्याचा पाव होतो. निम्मं बरणीत राहतं. काहीच वाया जात नाही. तू माझ्या पाओराचं निम्मं काढतेस. ते कुठे जातं? उरलेल्या अर्ध्याचं काय करतेस?

आणखी एक. त्या पेशी मेंदूच्या झाल्यावर त्यांना नाच होतो का?

आजी


ऑकलंड
२९ एप्रिल

प्रिय कुई,

उत्तराला उशीर झाला. रस्ता बंद होता असं लिहिणार होते, पण तो आठवड्यातच उघडला हे तुला माझ्याआधी माहीत असणार.

पावाचं लिहिलं ते चुकलं. तुला समजावून सांगण्याच्या नादात मी विसरले की मी कोणाशी आणि कोणाबद्दल बोलते आहे. इथे सगळे तसंच बोलतात, पेशींना खाऊ घातला, पेशी उपाशी आहेत. माझ्याही तोंडात तेच बसलं.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. उरलेला अर्धा आम्ही ब्लीचमध्ये टाकतो. पेशी मेल्या की ते पाणी मोरीत ओततो आणि वरून नळ सोडतो. नियमच तसा आहे, जिवंत काही बाहेर जाऊ नये म्हणून. मी आल्यापासून हे माझ्याच हातून होतं. तुझं पत्र येईपर्यंत ते काम माझ्या डोळ्यांना दिसलंच नव्हतं. आता दर वेळी दिसतं.

दुसऱ्याचं उत्तर हो. निरोगी माणसाच्या पेशी लांब हात पसरतात, एकमेकींना धरतात, खूप दिवस टिकतात. मामाच्या पेशी सुरुवातीला तशाच वागतात. मग हळूहळू हात आखडतात, सुटतात, आणि इतरांच्या आधी मरतात. ते बघण्यासाठीच त्या वाढवल्या आहेत. एक खेप मेली की आम्ही त्या मागे नेलेल्या पेशींपासून पुन्हा नवीन करतो. हे तुला कसं वाटेल ते मला माहीत आहे. खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं का, याचाच विचार महिनाभर करत होते.

इसोबेलशी बोलले. मामा नाही, म्हणून निर्णय तुझा. तू म्हणालीस तर सगळ्या पेशी निर्जीव करून, बाटलीत घालून तुझ्या हातात देतील. कोणी हुज्जत घालणार नाही. आमच्याकडे दुसऱ्या घरांतल्या लोकांच्याही पेशी आहेत, त्यामुळे कामाचं काही अडणार नाही. माझी काळजी करू नकोस.

हारिएता


ओतेपारी
२० मे

मोको,

खरं लिहिलंस ते बरं केलंस. वाचून मी कपडे वाळत घालायला गेले आणि ओला टॉवेल तोंडावर धरून रडले, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये.

तुला सगळं माहीत नाही. तू शिकायला गेलेली होतीस. पाओराची बोट विकली तेव्हा तो गप्प होता, पण बोटीच्या दोऱ्यांना गाठ मारता येईना तेव्हा लहान पोरासारखा रडला. नंतर हात, मान, जीभ, काहीच त्याचं ऐकेना. मी चमच्याने भरवायची तर चमचा दातांवर आपटायचा, आणि तो डोळ्यांनी माफी मागायचा. मी म्हणायचे, "माफी कसली मागतोस गाढवा, तुझ्या बापाला पण मीच भरवलं." शेवटी तो गेला, आणि देवाची शपथ, मला वाटलं, सुटला माझा पोर.

तांगीला, दफनाच्या आधी, तीन दिवस आम्ही बायका त्याच्या शेजारी गादीवर बसलो होतो. माकेरेता, मी, बाकीच्या. कोणी जेवायला उठलं की दुसरी तिच्या जागी यायची. एक क्षण त्याला एकटं सोडलं नाही. आपल्यात सोडत नाहीत. आणि त्याच वेळी तो तिकडे लोखंडी कपाटात होता. पुन्हा जन्मत होता आणि पुन्हा आजारी पडत होता. ज्यातून तो सुटला असं वाटून मी शांत झोपत होते, त्यातून त्याला तुम्ही पुन्हा पुन्हा नेत होतात. आणि जवळ बसायला कोणी नाही. निम्मा मोरीत.

तुम्ही वाईट लोक नाही हे मला कळतं. इसोबेल बाई पाओराशी नीट बोलायच्या, तो अडखळायचा तेव्हा त्याचं वाक्य पुरं करायची घाई करायच्या नाहीत. पण आई आहे मी. एकदा पाहिलं ते पुरे झालं.

त्याला घरी आण. ऑक्टोबरमध्ये, दगडाच्या आधी. तू लिहिलंस की त्याला जन्माच्याही मागे नेलं आहे. मग त्याची जागा कबरीत नाही. घरामागे पुरीरीच्या झाडाखाली जिथे तो जन्मल्यावर त्याची वार पुरली होती, तिथे ठेवू. तुझ्या आईचीही तिथेच आहे, आणि तुझी.

हिवाळ्यात मातारीकीच्या, आपल्या नव्या वर्षाच्या सुट्टीत चार दिवस ये. फार दिवसांत तुला पाहिलं नाही. मटणाच्या हाडांबरोबर पुहाची भाजी शिजवीन.

आजी


ऑकलंड
९ जून

प्रिय कुई,

कळलं. तुझ्या म्हणण्याप्रमाणे करते. इसोबेलने कागद तयार करायला घेतले. ती एवढंच म्हणाली, "हूहानांना माझा नमस्कार सांग." मग खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तुझं पत्र आल्यापासून मी मोरीत काही ओतलेलं नाही. काढलेला अर्धा औषधात निर्जीव करून एका झाकणाच्या बरणीत जमा करते. नवी बरणी आहे, स्वयंपाकघरातली नाही, आधीच सांगून ठेवते! बरणी भरताना प्रार्थना म्हणते. कपाटाच्या खोलीबाहेर पाण्याचं भांडं ठेवलंय, कबरस्तानाच्या फाटकाशी असतं तसं. बाहेर पडताना हात ओले करते. आधी मी एकटीच करायचे. आता इसोबेलही करते, तिने कारण विचारलं नाही.

मामाला सांगितलं की घरी जायचंय. पुहाचंही सांगितलं. मातारीकीला येते.

तुझी,
हारिएता


ऑकलंड
२१ जुलै

प्रिय कुई,

सुखरूप पोचले. बसमध्ये बाजूचा माणूस घोरत होता, शेवटी मीही त्याच्याबरोबर घोरले असणार. तू दिलेला पाव स्टँडवरच निम्मा संपला. विणलेले मोजे घालूनच हे लिहिते आहे.

तुझा निळा कप फुटला त्याचं फार वाईट वाटतं. आजोबांनी आणलेला होता ना? रात्रभर प्रवास करून आले होते, हात ओले होते, सटकला. पुढच्या वेळी चांगला कप आणते.

सगळं ठरल्यासारखं चाललंय. कागद झाले. ऑक्टोबरमध्ये शुक्रवारी मी मामाला घेऊन निघते. इसोबेलला यायची इच्छा आहे, तू हो म्हणालीस तरच.

कुई, निघताना तू फार गप्प होतीस. मला मिठीत धरलंस ती सोडेचनास, आणि बोललीस मात्र काहीच नाही. अजून रागावली आहेस का? मी काही चुकीचं बोलले का?

तुझी,
हारिएता


ऑकलंड
३० ऑगस्ट

प्रिय कुई,

माझं पत्र मिळालं का? माकेरेता आजीला फोन केला तर ती म्हणाली, "हूहाना ठीक आहे, नुसती टेकडीवर जाऊन बसते." टेकडीवर तर फोनची रेंज असते, मग मला का नाही केलास?

हारिएता


ओतेपारी
१२ सप्टेंबर

माझ्या लाडक्या मोको,

कप सटकला नव्हता. मी तुझ्याकडेच बघत होते.

त्याआधी पहिल्याच संध्याकाळी बटाटे सोलताना मी टेबलाखाली पडलेली साल उचलायला वाकले, तेव्हा तुझा पाय दिसला. डावा. बाकी तू शांत बसून मला बसमधली गंमत सांगत होतीस, आणि खाली तो पाय आपला वेगळाच कोणाचं तरी गाणं ऐकत असल्यासारखा हलत होता. तू दुसऱ्या पायाने त्याला दाबून धरलंस. तुझ्या आजोबांनी असंच दाबून धरलं होतं. पाओराने तर पाय खुर्चीच्या मागे अडकवायची सवय लावून घेतली होती. हा पाय मी तिसऱ्यांदा पाहते आहे, मला तो शिकवू नकोस.

चार दिवस मी काही बोलले नाही. तू हसत होतीस. मला वाटलं, हसू दे, तिचं हसणं मी कशाला मोडू. तू गेलीस आणि मी पुरीरीखाली जाऊन बसले. तुझ्या आईचं मनात आलं. मेरानिआ गाडीसकट त्या वळणावरून खाली गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. इतकी वर्षं मी त्या रस्त्याला शिव्या दिल्या. पाऊस नव्हता, उजेड होता, ते वळण तिच्या रोजच्या पायाखालचं होतं. आता वाटतं, तिचा पाय ब्रेकवर पोचलाच नसेल. मी म्हणायचे, निदान मेरानिआ तरी त्या नाचातून वाचली. माझ्याएवढी आंधळी म्हातारी दुसरी नसेल.

तुला हे कधीपासून माहीत आहे ते मी विचारत नाही. पण चांगली शिक्षिकेची नोकरी सोडून तू बाटल्या धुवायला ऑकलंडला का गेलीस, हे मला आता कळलं. ताकाला जाऊन भांडं लपवलंस, बाई. मी "त्याला घरी आण" लिहिलं आणि तू "कळलं" लिहिलंस. एका शब्दाने अडवलं नाहीस. कामाचं काही अडणार नाही म्हणालीस.

म्हणून टेकडीवर जाऊन इसोबेल बाईंना फोन केला. विचारलं, खरंच अडणार नाही? त्या म्हणाल्या, दुसऱ्यांच्या पेशी आहेत, पण पाओराच्या पेशींवर इतकी वर्षं घातली आहेत, त्या गेल्या तर बरंच काही पहिल्यापासून करावं लागेल. औषध अजून फार लांब आहे, मिळेलच असंही नाही, हेही त्यांनी सांगितलं. गोड बोलून फसवलं नाही. मग मी विचारलं, "त्याच्याच रक्ताची कोणी तरुण मुलगी असेल, तर तिला याचा उपयोग होईल का?" त्यांच्याकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "हूहाना, मला याबद्दल बोलता येणार नाही." तुझं गुपित त्यांनी फोडलं नाही, त्यांच्यावर चिडू नकोस. आम्ही दोघी तशाच फोन धरून रडलो. फोनचे पैसे माझेच गेले.

आता माझं ऐक. पाओराला आणू नकोस.

मी म्हणाले होते, माणूस अर्धा इथे आणि अर्धा तिथे असताना दगड उघडता येत नाही. महिनाभर त्याच्या कबरीशी बसून त्याच्याशी भांडले. त्याला विचारलं, पुन्हा पुन्हा आजारी पडायला तयार आहेस का? तो कसला बोलतोय! पण मला त्याचा दंड आठवला. "पोटाची घ्या, भरपूर आहे" म्हणून बाही वर करणारा. तुला खांद्यावर बसवून भरतीच्या पाण्यात नेणारा तोच होता. मी नको नको म्हणत काठावरून ओरडायचे, आणि तो ऐकायचा नाही. आताही त्याने ऐकलं नसतं.

त्याच्याजवळ कोणी बसत नाही याचं मला दुःख होतं. तू रोज बसतेस हे मला दिसलंच नाही. आणि तुझ्याजवळ बसायला तिकडे दुसरं कोण आहे? आपल्यात कोणाला एकटं सोडत नाहीत. मी त्याला राखलं, आता तो तुला राखू दे. राखण संपली की घरी येईल. मी नसेन तर माकेरेताच्या पोरींना सांगून ठेवलंय, झाड दाखवलंय.

बरणी मात्र आण. निघालेला अर्धा पुरीरीखाली जाईल, राहिलेला अर्धा तुझ्याजवळ राहील. मी कापड काढीन. इसोबेल बाईंना सांग, पुढच्या रांगेत माझ्याशेजारी बसायचं.

आणि हारिएता, टेबलाशी बसशील तेव्हा तो पाय मोकळा सोड. माझ्या घरात त्याला कोणी हसणार नाही.

तुझी आजी


ऑकलंड
२३ सप्टेंबर

कुई,

पत्र कामावर नेऊन वाचलं. घरी एकटीला उघडवेना.

फळा पुसून शाळेतून निघाले त्याच वर्षी या आजाराची चाचणी केली होती, माझ्यातही तो निघाला. तुला सांगणार नव्हते. तू एकाच घरात तिसऱ्यांदा चमचा हातात धरावास, हे मला सहन होत नव्हतं. मला फार भीती वाटते, कुई. हे मी अजून कोणालाच म्हणाले नाही, मामाला सोडून.

ऑक्टोबरच्या त्या शुक्रवारी येते. बरणी मांडीवर घेऊनच बसेन, सामानात ठेवणार नाही. इसोबेलने काळे कपडे काढून ठेवलेत आणि मला तीनदा विचारलं की रिकाम्या हातांनी यायचं का. पाव तरी आणते म्हणाली. मी म्हटलं, माझ्या आजीच्या घरी पाव नेऊ नकोस.

आज मामाचं गुलाबी पाणी बदललं आणि त्याला सांगितलं, तुला राहायचंय. मग कपाटासमोर स्टूल ओढून थोडा वेळ बसले. पाय हलत होता. हलू दिला.

हारिएता